लांजेवार बाईंची बेंडकी

लाखनीत लांजेवार बाईंना सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच. "बाई, ही गाडी कायले ठेवली?" विचारणारा धान घेऊन आलेला शेतकरी असो, शाळेचा शिपाई असो, नाहीतर नागपूरहून तपासणीला आलेले साहेब असोत, बाई सगळ्यांना तेच उत्तर देत. "मले आवडते." एवढं बोलून त्या कामाला लागत. त्या काळी चाळिशीला आलेल्या, लग्न न केलेल्या मास्तरणीकडे असलेल्या प्रत्येक वस्तूला कारण लागे. सायकल शाळेत जायला, शिलाई मशीन सुटीला, रेडिओ सोबतीला. नुसती आवडते म्हणून ठेवलेली मोटार कशात बसवावी, ते गावाला कळत नव्हतं.

मी त्र्याहत्तर साली त्या शाळेत मराठी शिकवायला आले. माझे यजमान गोंदियाला नोकरीला होते, ते शनिवारी येत. मला बाईंच्या शेजारच्या दोन खोल्या मिळाल्या. पहिल्याच संध्याकाळी विहिरीचा दोर मागायला त्यांच्या अंगणात गेले, तर मांडवाखाली एक बुटकी गाडी उभी आणि तिच्याखालून खाकी पँट घातलेले दोन पाय बाहेर आलेले. मला वाटलं, कोणी मिस्त्री असेल. तेवढ्यात खालून बाईमाणसाचा आवाज आला, "दहा नंबरचा पाना द्या जी." शेजारी पोत्यावर पाने ओळीनं मांडलेले होते. मी त्यातला एक उचलून दिला. हातानं तो घेतला, तोलला आणि परत बाहेर ठेवला.

"हा बत्तीसचा आहे. लहान द्या. त्याच्यावर लिहून आहे."

अशी आमची ओळख झाली. पुढे बारा वर्षं मी त्यांची शेजारीण होते, पण पाने मला शेवटपर्यंत नीट ओळखता आले नाहीत.

गाडी विलायती होती. दोनच दारं, लांब नाक, आणि मागे उतरत जाऊन संपणारं छप्पर. आत बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं बसावं लागे. पुढे दोघं ऐसपैस, मागे एखादं माणूस गुडघे हनुवटीला लावून. रंग शेवाळी, आणि पुढचे दोन दिवे डोळ्यांसारखे वर आलेले, म्हणून गावानं तिचं नाव बेंडकी ठेवलं होतं. बाईंना ते नाव चालत नसे. त्या हिला 'गाडी' म्हणत आणि बाकी सगळ्या गाड्यांना 'मोटार'.

तुमसरकडच्या मँगनीजच्या एका खाणीत बाईंचे वडील मिस्त्री होते. तिथल्या गोऱ्या मॅनेजरनं ही गाडी हौसेनं आणली, खाणीच्या धुळीत तिचे हाल केले आणि मायदेशी जाताना इंजिन खोललेल्या अवस्थेत तशीच टाकून गेला. वडिलांनी ती भंगारातून घेतली. ती पुरती जुळवण्याआधीच ते वारले. उरलेलं काम बाईंनी केलं. हात वडिलांकडून शिकलेला होता आणि बी.एस्सी.पर्यंत शिकल्यामुळे इंग्रजी पुस्तक वाचता येत होतं. गाडीबरोबर आलेलं ते जाड पुस्तक तेलानं इतकं माखलं होतं की पान उलटताना दोन पानं एकदम उलटत.

आमच्या भागातले रस्ते त्या गाडीसाठी नव्हतेच. धानाच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत तिचं पोट घासे. बाईंनी लोहाराकडून चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानींत एकेक जादा पट्टी घालून ती चार बोटं उचलली. तेलाच्या टाकीखाली पत्र्याची ढाल बसवली. उन्हाळ्यात इंजिन तापे म्हणून जीपचा मोठा रेडिएटर कापूनछाटून पुढे बसवला. उंदरांनी खाल्लेल्या सीटवर मोचीकडून नवं चामडं चढवलं. स्टिअरिंगचं चाक तडकलं, तेव्हा सुताराला शिवणीचं लाकूड देऊन नवीन चाक करवून घेतलं आणि त्याला तीन वेळा परत पाठवलं, कारण हातात ते 'बसत' नव्हतं. या सगळ्यात त्यांचा एक नियम होता. मूळ गाडीला नवं भोक पाडायचं नाही, आणि काढलेला प्रत्येक मूळ तुकडा तेलकट फडक्यात बांधून, वर नाव लिहून डब्यात ठेवायचा. मी एकदा विचारलं, जे पुन्हा लागणारच नाही ते कशाला जपायचं? त्या म्हणाल्या, "ज्यानं बनवली तो काही येडा नव्हता. त्याले आपला रस्ता ठाऊक नव्हता, येवढंच."

मी आल्यानंतरच्या वर्षी शाळेच्या अध्यक्षांनी बाईंना बोलावणं पाठवलं. पालकांमध्ये कुजबुज होती. शिक्षिकेनं पुरुषाची पँट घालून रस्त्याच्या तोंडावर गाडीखाली झोपावं हे बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी मला सोबत नेलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा प्यायला आणि विचारलं, "मी शाळेत कधी उशिरा आली काय?" अध्यक्ष म्हणाले, नाही. निकाल कमी लागला काय. तेही नाही. एखाद्या मुलीला शिकवायचं टाळलं काय. तसंही काही नव्हतं.

"मंग बोलाचं काय राह्यलं?" असं म्हणून बाई उठल्या.

आठवडाभरानं त्यांनी मांडवाच्या रस्त्याकडच्या बाजूला बांबूचा तट्टा बांधला. मला वाटलं, अखेर ऐकलं म्हणायचं. मी तसं बोलूनही दाखवलं. बाई दोरीची गाठ मारता मारता म्हणाल्या, "ट्रकची धूळ कार्बोरेटरमंधी जाऊन राह्यली होती." खरं कारण कोणतं, ते त्यांनी मला कधी कळू दिलं नाही. पँट मात्र तीच राहिली.

रविवारी सकाळी त्या गाडी काढत. साकोलीपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच कार्यक्रम. साकोलीत काही काम नसे. कधी कधी मी बरोबर जाई. लाखनी मागे पडली की थोड्या वेळानं हमरस्ता सरळ होई, दोन्ही बाजूला धानाच्या बांध्या, मधेच पाण्यानं भरलेली एखादी बोडी, तिच्या पाळीवर बगळे. तिथे बाई पदर कमरेला घट्ट खोचत आणि गाडी सोडत. आवाज बदलत जाई, आधी घशातला, मग छातीतला. वर्गात आणि शिक्षकांच्या खोलीत या बाईंना हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं. तिथे, चौथ्या गिअरमध्ये, त्यांचा चेहरा मोकळा होई. मी घाबरून दाराला धरून बसे. त्या म्हणत, "दाराले काहून धरता? गाडीले धरून ठेवलं नं मी."

आता जे सांगायचं ते माझ्या हातून झालं.

एका मे महिन्यात करडीला माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. बाई स्वतःहून म्हणाल्या, गाडीनं जाऊ. जाताना सगळं ठीक झालं. परतताना भर दुपारी, कच्च्या रस्त्यावर पंख्याचा पट्टा तुटला आणि इंजिन उकळू लागलं. बाईंनी गाडी एका बाभळीखाली थांबवली. जुना पट्टा डिकीत होता, पण तो बसवायला लागणारा एक बोल्ट पडला होता. मागच्या वस्तीत इंजिनपंप दिसला होता, तिथे मिळेल म्हणून त्या चालत निघाल्या. जाताना म्हणाल्या, "थंड होऊ द्या. हात नका लावू."

मी बसून राहिले. नाकातून वाफ येत होती, पत्रा तडतडत होता. मला वाटलं, आता हे पेटणार. शेजारच्या शेतात विहीर होती आणि लग्नातून आहेर म्हणून मिळालेला पितळेचा गुंड, पाण्याची घागर, माझ्याजवळ होता. मी गार पाणी काढून आणलं. पदरानं रेडिएटरचं झाकण सोडवलं, वाफेच्या फवाऱ्यातून कशीबशी वाचले आणि रिकाम्या इंजिनात भडाभडा पाणी ओतलं. आतून आवाज आला. टक्. फार मोठा नव्हता. सुपारी फुटावी तेवढाच.

बाई बोल्ट घेऊन आल्या. मी रडत होते. काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग इंजिनकडे, मग रिकाम्या गुंडाकडे. मला वाटलं, आता बोलतील.

"आवाज कोणत्या बाजूनं आला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बहुतेक डावीकडून. त्यांनी मान हलवली. बैलजोडी मिळवून गाडी मुख्य रस्त्यापर्यंत ओढून आणली आणि तिथून एका ट्रकच्या मागे बांधून लाखनीला. वाटभर त्या स्टिअरिंग धरून पुढच्या दोरावर नजर ठेवून होत्या. मला ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, उतरवलं. रॉकेलनं पुसून वर खडूची पूड चोळली. थोड्या वेळानं पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली, वीतभर लांब. डावीकडेच होती. हेड बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, त्याला साधं वेल्डिंग टिकत नाही. नागपूरच्या एका कारखान्यात नेलं तर तिथल्या माणसानं सांगितलं, हे भंगारात टाका, डिझेल इंजिन बसवून देतो, खर्चही कमी, ओढेलही चांगलं. तेव्हा पेट्रोल महागलं होतं आणि जो तो डिझेल बसवत होता. बाई म्हणाल्या, मंग ते गाडी राहीन काय? आणि हेड पोत्यात गुंडाळून बसनं परत आणलं.

गावात लोक विचारत, बाई, कसं फुटलं? त्या म्हणत, "फुटलं." त्यापुढे कधी काही नाही. ते पाणी कोणी ओतलं हे लाखनीला कळलंच नाही. शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी हसत म्हणालं की बाईमाणसाच्या हातात इंजिन म्हणजे असंच व्हायचं. मी खाली मान घातली. बाई वह्या तपासत राहिल्या.

भंडाऱ्यात पितळेची भांडी ओतणारे किसनजी म्हणून एक कारागीर होते. बाईंनी कुठंतरी वाचलं होतं की बिडाची चीर पितळेनं झाळता येते, मात्र अख्खा तुकडा आधी लालसर तापवावा लागतो. एवढी भट्टी ओतकाम करणाऱ्याकडेच असणार. किसनजींनी हेड उलटंसुलटं करून पाहिलं.

"मी गुंड-गंगाळ ओततो, बाई. इंजिन मले समजत नाही."

"इंजिन मले समजते," बाई म्हणाल्या. "पितळ तुम्हाले समजते. अजून काय पायजे?"

किसनजी हसले. त्यांनी हो म्हणायला मात्र तीन खेपा लागल्या.

पहिला प्रयत्न फसला. झाळ सुंदर बसली, पण हेड बाहेर काढून ठेवलं आणि निवताना तोच आवाज आला. टक्. चीर शेजारून पुन्हा उघडली. किसनजींनी हात जोडले. बाई म्हणाल्या, झाळ चुकली नाही, निवणं चुकलं. ते सावकाश व्हायला पायजे, दोन दिवस लागले पायजे. पण लाल तापलेलं लोखंड दोन दिवस गरम कसं ठेवणार? त्या प्रश्नावर बाईंनी पावसाळा घालवला. चुना करून पाहिला, वाळू करून पाहिली. चुलीत विटेचे तुकडे तापवून त्यात पुरायच्या आणि दर तासाला हात लावून पाहायच्या.

उत्तर आमच्या डोळ्यांसमोरच होतं. शाळेच्या वाटेवर राईस मिल होती आणि तिच्या मागे धानाच्या कोंड्याच्या राखेचा ढीग. एके सकाळी बाई तिथे थांबल्या. मिल तीन दिवसांपासून बंद होती. त्यांनी एक सळई ढिगात खुपसली, बाहेर काढली आणि टोकाला बोट लावून झटकन मागे घेतलं. वरून थंडगार दिसणारा ढीग आत अजून तापलेला होता.  दुपारी मुलींनी मला सांगितलं की आज बाई वर्गात गात होत्या.

दिवाळीच्या सुटीत राखेनं भरलेली पोती घेऊन आम्ही भंडाऱ्याला गेलो. चिरेच्या दोन्ही टोकांना, आपला नियम तेवढ्यापुरता मोडून, बाईंनी बारीक छिद्रं पाडली होती, म्हणजे ती पुढे पळू नये. किसनजींनी हेड तापवलं, टाकणखार टाकला, पितळेची कांडी वितळून चिरेत अशी उतरली की जणू तिला वाट माहीत होती. मग लांब चिमट्यांनी दोघांनी ते उचललं आणि राखेनं भरलेल्या पिंपात ठेवून वर आणखी राख लोटली. तेव्हा मी किसनजींना सांगितलं की ते पाणी मी ओतलं होतं. कोणाला तरी सांगायला हवंच होतं. किसनजी म्हणाले, "बाईंनी तर मले सांगतलं, नशिबानं फुटलं म्हणून."

तिसऱ्या दिवशी पिंप उघडलं. हेड अजून कोमट होतं. काळ्या बिडावर पिवळी रेघ होती, वीतभर. बाईंनी खडू चोळला. पूड पांढरीच राहिली.

तरी काम संपलं नव्हतं. तापल्यामुळे हेडचा तळ किंचित वाकला होता. बाईंनी जाड काच मिळवली, तिच्यावर निळा रंग पसरला, हेड त्यावर टेकवायचं, जिथे निळं लागेल तिथे कानशीच्या पात्यानं खरवडायचं, पुसायचं आणि पुन्हा टेकवायचं. शाळेतून आल्यावर रोज तासभर. संक्रांत झाली, होळी झाली, परीक्षा झाल्या. मी एकदा म्हटलं, आता पुरे, बसवून पाहा. त्या म्हणाल्या, "नववीच्या पोरीले पस्तीस टक्क्यांवर पास करता येते. हेडले नाही."

ज्या दिवशी गाडी सुरू करायची होती, त्या सकाळी त्यांनी मला हाक मारली. सगळं जोडून झालं होतं. किसनजी भंडाऱ्याहून आले होते, नवं धोतर नेसून. बाईंनी रेडिएटरचं झाकण काढलं आणि पाण्याचा जग माझ्यापुढे धरला.

"पाणी तुम्ही वता," त्या म्हणाल्या.

मी ओतू लागले. निम्मं पाणी बाहेर सांडलं. बाई शांतपणे उभ्या राहिल्या आणि जग रिकामा होईपर्यंत त्यांनी तो माझ्या हातातून घेतला नाही. मग आत बसून त्यांनी बटण दाबलं. तिसऱ्या वेळेला इंजिन लागलं. किसनजींनी वाकून पिवळ्या रेघेवर तळहात धरला, कोरडा आहे ते दाखवलं आणि कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले. बाईंनी त्यांना पुढे बसवून साकोलीला नेऊन आणलं. मी मागे होते, गुडघे हनुवटीला लावून.

नंतर सात-आठ वर्षं गाडी धावली. पंचाऐंशीत माझी बदली लाखांदूरला झाली. बाईंची पोस्टकार्डं येत, त्यात तब्येतीपेक्षा गाडीचीच खुशाली जास्त. एका कार्डात त्यांनी लिहिलं होतं की उजव्या डोळ्यात काचबिंदू निघाला आहे. पुढचं कार्ड असं होतं: "काल उजवीकडून बैलगाडी आली ते मले दिसली नाही. ब्रेक लागला, गाडीवानाले समजलंबी नाही. पण मले दिसली नाही. गाडी विकून राह्यली."

गिऱ्हाइकांची त्यांनी परीक्षा घेतली. एकाला ती लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्यायची होती, त्याला चहासुद्धा मिळाला नाही. एकाला बंगल्यात शोभेला ठेवायची होती. त्याला बाईंनी सांगितलं की त्यापेक्षा मातीचा हत्ती आणा. तिसरा नागपूरच्या कॉलेजातला एक मास्तर, डोक्यावर केस विरळ, स्वतःचे पाने पिशवीत घेऊन बसनं आलेला. बाईंनी त्याला कार्बोरेटर काढून पुन्हा बसवायला लावला. बसवताना त्याच्या हातून एक बारीक स्प्रिंग पडली. तो अर्धा तास अंगणात गुडघ्यांवर रांगत होता, कोणाला दोष न देता, आणि त्यानं ती शोधून काढली. गाडी त्याला मिळाली.

गाडी न्यायच्या रविवारी बाईंनी मला बोलावलं. तो मास्तर चालवायला बसला, बाई त्याच्या डावीकडे. त्या जागेवर मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. हात मांडीवर ठेवून त्या समोर बघत राहिल्या. कारध्याला, वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे, त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि आम्ही दोघी उतरलो. मास्तरानं वाकून त्यांच्या पाया पडायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "तेल पाहत जा." गाडी पुलावर चढली. बाई मान थोडी कलती करून उभ्या होत्या, आवाज पार नदीपलीकडे विरेपर्यंत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

परतीला बस वेळेवर दिसेना, तेव्हा लाखनीच्या राईस मिलचा जुना, नाकवाला ट्रक आला. ड्रायव्हर रहमानभाई ओळखीचे. आम्ही केबिनमध्ये चढलो. दोन-तीन मैल गेले असतील, बाई डोळे मिटून बसल्या होत्या. इंजिनचा आवाज ऐकत एकदम म्हणाल्या, "रहमानभाई, टॅपेट वाजून राह्यले."

रहमानभाई म्हणाले, महिना झाला, बाई, कोणालाच सापडत नाही.

"थांबवा," बाई म्हणाल्या. "पाना आहे काय?"

त्यानंतरच्या वर्षी बाई गेल्या. हृदयाचा झटका, शाळेतच, मधल्या सुटीत. मला पत्र उशिरा मिळालं. त्यामुळे माझ्यापुरत्या बाई त्या रविवारच्या दुपारी दिसल्या तशाच शेवटच्या. ट्रक कडेला उभा, नाक उघडलेलं, आणि बाई पुढच्या बंपरवर चढलेल्या, पदर कमरेला खोचलेला, डोकं इंजिनात. मागून साकोलीची बस आली. मला तिथून लाखांदूर गाठायचं होतं. मी हात दाखवून बस थांबवली आणि ओरडून सांगितलं की बाई, जाते मी. त्यांनी डोकं बाहेर काढलं नाही. तेलानं काळा झालेला एक हात वर केला, क्षणभर तसाच ठेवला, आणि पुन्हा कामाला घातला.